जमादाराची ताकीद, पथकाची पावती

नगरपालिकेच्या काळातलं औरंगाबाद ज्यांनी पाहिलंय, त्यांना कोंडवाडा आठवत असेल. मोकाट गाय धरून नेली की मालक धावत यायचा, दंड आणि चाऱ्याचे पैसे भरायचा, पावती घ्यायचा आणि दावं हातात धरून जनावर घरी आणायचा. कशाचा दंड, किती, कुणी घेतला, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक असायचं.

माणसांच्या वाट्याला मात्र आधी ताकीद यायची. सकाळी झाडणाऱ्यांची हजेरी घेऊन जमादार सायकलवर निघायचा. गुलमंडीकडच्या एखाद्या हॉटेलवाल्यानं कपबशा विसळलेलं पाणी नालीत न सोडता रस्त्यावर ओतलेलं दिसलं, की सायकल भिंतीला टेकवून तो उभा राहायचा. ‘‘काका, कल भी बोला था तुमको.’’ काका काही न बोलता आतून बादली आणि खराटा आणायचे. चहाचा चोथा, बिडीची थोटकं, सगळं नालीच्या तोंडाशी गोळा करून उचलायचे. तोवर जमादार हलायचा नाही. ओली फरशी नजरेखालून घातली की पायडल मारायचा. फारच झालं तर सॅनिटरी इन्स्पेक्टर यायचे आणि खटला कोर्टात जायचा, कारण दंड ठरवणं मॅजिस्ट्रेटच्या हाती होतं. तारखा पडायच्या, आणि शेवटी होणारा दंड किरकोळ असायचा.

त्या दिवसांत सगळं न्यायाचं होतं असं मी म्हणणार नाही. नगरसेवकाच्या ओळखीचा दुकानदार सुटायचा, हातगाडीवाला सापडायचा. तरी जमादार गेल्यावर रस्ता साफ झालेला असायचा, आणि मला त्या पद्धतीचं मोल वाटतं ते यासाठी.

८ डिसेंबर १९८२ला महापालिका झाली. चिकलठाणा, वाळूजला कारखाने वाढत गेले, सिडको वसली, शहर चहूकडे पसरलं. जमादाराला प्रत्येक घर माहीत असण्याचे दिवस संपले. पुढे २०१६च्या घनकचरा नियमांनी स्थानिक संस्थांना जागेवर दंड करायची मुभा दिली आणि राज्य सरकारनं दर बांधून दिले. मोठ्या महापालिकांत रस्त्यावर घाण केली तर १८० रुपये, थुंकलं तर १५०. प्लास्टिकबंदीचा दंड त्याहून जबर: पहिल्यांदा ५,०००, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि कैदही.

पण दंड करणाऱ्याचं स्वतःचं अंगण कसं होतं? वर्षानुवर्षं शहराचा कचरा नारेगावात पडत राहिला. फेब्रुवारी २०१८मध्ये तिथल्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, उच्च न्यायालयाच्या खंडपीठानंही नारेगावला कचरा टाकायला मनाई केली, आणि चौकाचौकांत ढीग साचले. मग कचरा मिटमिट्याला नेला, तर तिथं दगडफेक झाली, लाठ्या चालल्या. नारेगावकरांनी इतकी वर्षं जो वास सोसला, त्याचा दंड कुणाच्या नावावर फाडला गेला नाही. हे मला आजही टोचतं.

त्यानंतर कचरा वेगळा करणं आलं, प्रक्रिया केंद्रं आली, नागरिक मित्र पथक आलं. गणवेशातले माजी सैनिक बाजारात फिरू लागले. कचरा टाकणाऱ्याला, प्लास्टिक बाळगणाऱ्याला थेट पावती. करोनात मास्कचा दंडही त्यांनीच वसूल केला. कोर्टाची तारीख नाही, मिनतवारी नाही. धाक बसला, हे खरंच चांगलं झालं. फक्त पावती फाडून पथक पुढे जातं आणि पुष्कळदा कचरा तिथंच राहतो.

मोठा दंड तर रस्त्यावर दिसतच नाही, तो मालमत्ता कराच्या बिलात असतो. थकबाकीवर महिन्याला दोन टक्के, आणि अवैध बांधकामाला कराच्या दुपटीपर्यंत शास्ती. आपल्याकडे गुंठेवारीत बॉण्डपेपरवर घेतलेल्या प्लॉटांवर वसाहतीच्या वसाहती उभ्या राहिल्या. या माणसांना नियम कुणी वेळेवर सांगितलाच नव्हता. ताकीद देणारा जमादार तिथं कधी पोहोचला नाही, बिल पोहोचलं. मग थकबाकी फुगते आणि सूट जाहीर होते. २०२५च्या पावसाळ्यात महापालिकेनं ‘शास्ती से आझादी’ या नावानं अशीच सवलत दिली. अडलेल्याला दिलासा मिळाला, याचा आनंदच आहे. पण पोटाला चिमटा काढून दरवर्षी मुदतीत कर भरणाऱ्याला काय मिळालं? वरचेवर माफ होणाऱ्या दंडाला कुणी भीत नाही.

महापालिकेकडे मागणं दोनच गोष्टींचं आहे. दंडाची पावती फाडली की ती जागा साफ करून घेतल्याशिवाय पथकानं हलू नये. आणि प्रत्येक झोन कार्यालयाच्या दारात दर महिन्याला फलक लागावा: किती दंड जमा झाला, कशासाठी, आणि तो कुठं खर्च झाला. वाचकहो, आपणही पावतीशिवाय एक रुपया देऊ नका, आणि पावती हाती आली की तिच्यावरचं कारण तिथंच उभं राहून वाचा.