डोळ्यांचा जमाखर्च

आमच्या कपाटांत लाल पुठ्ठ्याची एक जुनी वही आहे. तिच्या पहिल्या पानावर आमच्याच अक्षरांत 'लेन्स-खातें' असें लिहिलेलें असून त्याखालीं जुलै २००९ पासूनचा हिशेब मांडलेला आहे. ही वही आम्ही सहसा कोणास दाखवीत नाहीं. परंतु २०२५ च्या दिवाळीच्या सुटीपूर्वीं नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थिनी आपल्या वडिलांस घेऊन शिक्षकांच्या खोलींत आली, आणि दुसरे दिवशीं ती वही पिशवींत घालून शाळेंत नेणें आम्हांस भाग पडलें.

मुलगी शाळेच्या कबड्डीच्या संघांत खेळते. डोळ्यांचा नंबर वजा साडेचार. चष्मा लावून कबड्डी खेळतां येत नाहीं, आणि चष्म्यावांचून समोरच्या खेळाडूचा पाय कोठें आणि मधली रेषा कोठें तें दिसत नाहीं. कोणी तरी तिला कॉन्टॅक्ट लेन्स, म्हणजे डोळ्यांतच बसवावयाचीं तीं इवलींशीं भिंगें, वापरण्याचें सुचविलें होतें. वडील ऑटोरिक्शा चालवितात. आम्ही लेन्स वापरीत असूं हें तिला ठाऊक असल्यामुळें तिनें त्यांस आमच्याकडे आणिलें.

"पोरीले खेळू द्याचं हाय जी," ते म्हणाले. "पन महिन्याले किती लागन, तेवढं सांगा. आन् त्याच्यात वाचवता किती येते, तेबी सांगा."

प्रश्न अगदीं रास्त होता. एकेकाळीं आम्हीं तो स्वतःलाच विचारला होता, आणि त्याचें उत्तर साफ चुकीचें काढलें होतें.

त्या वेळीं आमचें बिऱ्हाड महालांत होतें. वडील इतवारींतील एका कापडाच्या दुकानांत हिशेबनीस. रात्रीं जेवणें आटोपल्यावर दिवसभराचा खर्च वहींत उतरल्यावांचून त्यांस झोंप येत नसे, आणि ती संवय त्यांनीं आम्हांसही लाविली होती. शिकवण्या करून सांठविलेल्या पैशांतून आम्हीं लेन्सची पहिली जोडी घेतली. कारण सांगावयास आज थोडा संकोच वाटतो : नंबर वजा सात, चष्म्याच्या कांचा बाटलीच्या बुडासारख्या, आणि वय एकवीस! सीताबर्डीच्या त्या दुकानांतून बाहेर आलों तेव्हां किल्ल्याच्या टेकडीवरील एकेक झाड निरनिराळें दिसलें, आणि कोठेंही चौकटीची कड आडवी आली नाहीं. हा आनंद ज्यानें अनुभविला नाहीं त्यास तो सांगून कळावयाचा नाहीं.

पण आनंद चालू ठेवावयाचा म्हणजे खर्च आला. दर महिन्यास नवी जोडी, आणि तीं भिंगें रात्रभर बुडवून ठेवण्यासाठीं जंतुनाशक द्रावणाची बाटली. मग आमच्यांतील हिशेबनीसाचा मुलगा जागा झाला. महिन्याची जोडी आम्हीं प्रथम दोन, मग तीन महिने चालविली. डबींतील कालचें द्रावण ओतून टाकणें जिवावर येई, म्हणून त्यांतच चार थेंब नवें घालूं लागलों. पुढें एका मित्रानें मोठीच युक्ति सांगितली : औषधांच्या दुकानीं शिरेंतून द्यावयाच्या सलाईनची अर्ध्या लिटरची बाटली अगदीं स्वस्तांत मिळते, तीच कां वापरूं नये? दिसावयास दोन्ही पाण्यासारखींच. ती युक्तीही आम्हीं स्वीकारली. आणि डबी धुवावयास नळाचें पाणी होतेंच. वहींत 'बचत' म्हणून एक स्वतंत्र रकाना आंखला होता. पंधरा महिन्यांच्या अखेरीस त्याची बेरीज रुपये ४,२६० झाली. त्या आंकड्याखालीं दोन रेघा ओढतांना आम्हांस जो अभिमान वाटला, तो आजही आठवतो.

ऑक्टोबर २०१० मधील एका रात्रीं डावा डोळा ठणकूं लागला. सकाळपर्यंत तो लालभडक झाला व उजेड सहन होईना. डॉक्टरांनीं तपासून सांगितलें कीं बुबुळावरील पारदर्शक पडद्यास, ज्यास ते कॉर्निया म्हणतात, जंतूंमुळें व्रण झाला आहे. पहिले कांहीं दिवस औषधाचे थेंब तासातासाला घालावयाचे होते, दिवसां आणि रात्रींही. आई गजराचें घड्याळ उशाशीं घेऊन जमिनीवर निजत असे. ती दर तासाला उठे, दिवा न लावतां, केवळ दारांतून येणाऱ्या उजेडावर, आमची पापणी उघडून थेंब सोडी, आणि पुन्हा गजर लावी. तिची भिशी त्या महिन्यांत लागली होती. ते पैसे कशासाठीं ठेवले होते हें तिनें आम्हांस अद्यापि सांगितलेलें नाहीं. हिवाळ्यांतील परीक्षेस आम्हांस बसतां आलें नाहीं. व्रण भरला, पण जागीं फूल पडलें. त्या डोळ्यानें आजही फळ्यावरील अक्षरें धुक्यांतून पाहिल्यासारखीं दिसतात.

वडील आम्हांस एक शब्दही बोलले नाहींत. बरें झाल्यावर आम्हीं वही उघडली, तों आमच्या त्या दोन रेघांखालीं त्यांच्या तिरक्या अक्षरांत दोन ओळी होत्या. पहिली : 'तपासणी, औषधें व जाणें-येणें, रु. १८,७३५.' दुसरी : 'चिरंजीवांचें एक वर्ष.' त्यापुढील रकमेचा रकाना त्यांनीं कोरा ठेविला होता.

आमचें चुकलें तें कोठें? कॉर्नियांत रक्तवाहिन्या नसतात. त्यास लागणारा प्राणवायु बहुतांशीं बाहेरील हवेंतून, अश्रूंच्या पातळ थरांतून मिळतो. त्यावर भिंग बसविलें म्हणजे हा पुरवठा भिंगांतूनच व्हावयाचा. भिंग जुनें होत जातें तसतसा त्यावर अश्रूंतील द्रव्यांचा थर चढतो व जंतूंस घर करावयास जागा मिळते. सलाईन हें तर नुसतें मिठाचें पाणी. त्यानें भिंग ओलें राहतें, पण जंतु मरत नाहींत. जंतुनाशक द्रावण जंतु मारतें खरें. परंतु एकदां वापरलेल्या द्रावणांत तें सामर्थ्य पुरेसें उरत नाहीं, आणि वर चार थेंब ताजें घातल्यानें तें परत येत नाहीं. राहिलें नळाचें पाणी. आमच्या नागपुरास पेंच व कन्हान या नद्यांचें पाणी शुद्ध करून मिळतें. तें पिण्यास योग्य असलें तरी भिंगास योग्य नव्हे. अकांथामीबा नांवाचा एक सूक्ष्म जीव नळाच्या, टाकीच्या व पोहण्याच्या तलावाच्या पाण्यांत राहूं शकतो. पोटांत गेला तर तो सहसा कांहीं करीत नाहीं. भिंगाखालीं सांपडला तर मात्र कॉर्निया पोखरतो, आणि त्याचा उपचार महिनोन् महिने चालतो. आमच्या नशिबीं साधे जंतु आले, हें आमचें भाग्यच म्हणावयाचें.

आणि ही मिठाच्या पाण्याची युक्ति आमच्या मित्राची स्वतःची नव्हती, असें पुढें वाचनांत आलें. अमेरिकेंत १९८० नंतरच्या दशकांत पुष्कळ लोक मिठाच्या गोळ्या ऊर्ध्वपातित पाण्यांत विरघळवून भिंगांसाठीं घरच्या घरीं पाणी तयार करीत. पैसे वांचत. त्याच दशकाच्या मध्यास तेथें अकांथामीबाचे रोगी एकाएकीं वाढले. शोध केला तेव्हां हें घरगुती पाणी वापरणारे त्यांत बरेच निघाले. तेव्हां शहाणपणाचा आव आणून केलेली ही चूक केवळ महालांतल्या पोरांचीच नव्हे, एवढें समाधान आम्हांस आहे. तें कितपत पुरेसें आहे तें वाचकांनीं ठरवावें.

काटकसरीवर आमचा राग आहे असें मात्र कोणी समजूं नये. मऊ भिंगांचा जन्मच एका प्रकारच्या काटकसरींत झाला आहे. कांचेचीं भिंगें १८८७-८८ च्या सुमारास जर्मनींत व स्वित्झर्लंडांत प्रथम बनलीं. तीं इतकीं मोठीं कीं डोळ्याचा पांढरा भागही झांकीत. पाणी शोषून मऊ राहणारें भिंग ओटो विखटर्ले या चेक रसायनशास्त्रज्ञानें प्राग येथें तयार केलें. सरकारी पाठिंबा काढून घेण्यांत आला होता, तेव्हां १९६१ च्या नाताळांत त्यानें घरच्या टेबलावर मुलांच्या 'मेर्कूर' नांवाच्या खेळण्यांतील लोखंडी पट्ट्या व चाकें जोडून एक यंत्र उभें केलें आणि त्यास सायकलचा डायनॅमो लाविला. फिरत्या सांच्यांत द्रव पदार्थ ओतून त्यानें पहिलीं चार भिंगें काढलीं. अमेरिकन सरकारनें १९७१ मध्यें अशा भिंगांच्या विक्रीस परवानगी दिली, आणि तेथून तीं जगभर पसरलीं. या गृहस्थानें यंत्रावर पैसे वांचविले, डोळ्यावर नव्हेत. असो.

दुसरे दिवशीं मधल्या सुटींत वही उघडून आम्ही तिघे बसलों. आम्हीं प्रथम सांगितलें कीं डॉक्टरांची तपासणी ही वगळावयाची बाब नव्हे. चष्म्याचा नंबर तोच लेन्सचा नंबर असें नसतें. वजा साडेचारचा चष्मा असेल तर लेन्स बहुधा वजा सव्वाचारची लागते. शिवाय भिंगाची वक्रता व व्यास डोळ्यास जुळावा लागतो. परंतु हे सर्व आंकडे लिहिलेला कागद डॉक्टरांकडून मागून घ्यावा. तो हातीं असला म्हणजे सीताबर्डी, धरमपेठ, जेथें वाटेल तेथें चार दुकानीं भाव विचारतां येतो. येथें मोकळेपणानें घासाघीस करावी. भिंगांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तो पावतीवर तसाच लावला आहे कीं नाहीं तेंही पाहावें. मुलांचा नंबर वाढत असतो, म्हणून सवलत मिळते एवढ्यासाठीं वर्षभराच्या पेट्या घेऊन ठेवूं नयेत.

मग आम्हीं तिला विचारलें, "आठवड्यांतून किती दिवस लागेल?"

"दोन दिवस, सर. सामने असले तर तीन."

येथें सारा हिशेबच फिरला. महिन्याच्या भिंगाचा महिना वापरलेल्या दिवसांवर मोजावयाचा नसतो; वेष्टन फोडलें त्या दिवसापासून तो पंचांगाप्रमाणें चालूं लागतो. हें पुष्कळांस ठाऊक नसतें. समजा, महिन्याची जोडी ३०० रुपयांस व महिन्याभराचें द्रावण ४०० रुपयांस पडलें, तर तीस दिवस वापरा वा आठ दिवस, खर्च ७००. उलट एकच दिवस वापरून टाकून द्यावयाची जोडी ८० रुपयांस मिळाली, तर आठ दिवसांचे ६४०; बाटली नको, डबी नको, रात्रीं भिजत घालणें नको. रोज वापरणारास मात्र हींच भिंगें महिन्यास २,४०० रुपयांस पडतील. भाव दुकानागणिक बदलतात. हे आंकडे केवळ रीत कळावी म्हणून. वडिलांनीं तोंडानें गुणाकार पडताळून पाहिला. इतवारींत आमच्या वडिलांनीं त्यांस आनंदानें जवळ बसवून घेतलें असतें.

रोज वापरावयाचें असेल त्यानें कठीण जातीच्या, प्राणवायु आंत जाऊं देणाऱ्या लेन्सविषयीं डॉक्टरांस विचारावें. सुरवातीस ती महाग पडते व डोळ्यास सरावावयास वेळ लागतो, पण नीट सांभाळली तर वर्ष-दोन वर्षें टिकते. द्रावणाची मोठी बाटली मिलीलिटरमागें स्वस्त खरी. पण उघडल्यावर किती दिवसांत संपवावी तें तिच्यावर छापलेलें असतें, आणि कधींमधीं वापरणाराची ती अर्धी फेंकलीच जाते. डबी दर तीन महिन्यांनीं बदलावी. पुष्कळदां ती बाटलीबरोबर फुकटच मिळते, तरी लोक जुनीच धरून बसतात! आणि आमच्या वैशाखांत पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हां बाटली गाडींत ठेवून जाऊं नये, हें ऑटोरिक्शाच्या मालकास आम्हीं मुद्दाम सांगितलें.

याच ओघांत स्नेहसंमेलनाची गोष्ट निघाली. नाटकासाठीं निळ्या-हिरव्या रंगाच्या, बिननंबरी लेन्स कोणी तरी आणतें व तीच जोडी तिघी-चौघी आळीपाळीनें घालतात, असें ती सहज बोलून गेली. आम्ही उठून खुर्चीमागें उभे राहिलों. दुसऱ्याचा दांत घांसावयाचा ब्रशसुद्धां आपण घेत नाहीं! त्या संध्याकाळीं आम्हीं नाटकाच्या तालमीस जाऊन काय केलें तें संबंधित मंडळींस ठाऊक आहे.

चष्मा मात्र नव्या नंबराचा हवाच, असें आम्हीं बजावलें. डोळा जरासा लाल झाला, टोंचूं लागला, तर त्या दिवशीं लेन्स बंद. ज्याच्यापाशीं चालता चष्मा नाहीं, तो लाल डोळ्यांतही लेन्स घालतो. आमचें तसेंच झालें होतें.

जातांना मुलीनें वहींतल्या त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेविलें. "सर, येथें आंकडा कां नाहीं?" आम्ही उत्तर देण्यापूर्वींच तिच्या वडिलांनीं वही हलकेच मिटून आमच्या हातीं दिली.

जानेवारींत तिनें आम्हांस स्वतःची वही आणून दाखविली. चष्मा एक, रोजच्या भिंगांची पेटी एक, पावत्या डिंकानें चिकटविलेल्या. प्रत्येक तारखेपुढें 'हात साबणानें धुऊन कोरडे केले' या रकान्यांत बरोबरची खूण होती. डिसेंबरांतील एका तारखेपुढें मात्र खूण नव्हती; तेथें बारीक अक्षरांत लिहिलें होतें : 'मैदानावर साबण नव्हता. लेन्स घातली नाहीं. चष्मा लावून बाहेर बसलें.'

तो सामना आमची शाळा दोन गुणांनीं हरली होती.