जपणाऱ्याचे कागद

खामगाव, जळगाव जामोद म्हटलं की लोकांना कापूस आठवतो. मला मराठी नाटकाचा पत्ता आठवतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर या भागात वकिली करत. त्यांचं ‘वीरतनय’ १८९६ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीनं रंगभूमीवर आणलं. राम गणेश गडकरी त्यांना गुरू मानत. पण कंपनीचा मुक्काम गावोगाव आणि नाटककार इथे दाव्यांच्या कागदांत. अशा माणसाचं नाटकाशी नातं टिकणार ते टपालावरच.

छापलेलं नाटक आज ना उद्या मिळतं. टपाल मिळत नाही. नटाच्या नकलेची वही, काटछाट केलेली प्रॉम्प्टरची प्रत, प्रयोगाची हस्तपत्रकं, कंपनीच्या हिशेबाची चोपडी हे सगळं पडदा पडला की केरात जायचंच. १९१९ मध्ये सावनेरला गडकरी गेले. त्यांचं अपुरं ‘राजसंन्यास’ आपण वाचतो, कारण ती पानं कुणीतरी जपली.

त्या ‘कुणीतरी’च्या कागदांचं काय? नाटकाचा संग्रह करणारा माणूस आयुष्यभर पत्रं लिहितो, जुन्या नटांच्या घरी जाऊन बसतो, वहीत टिपून ठेवतो: हा फोटो कुणाकडून आला, डावीकडे उभा तो कोण, कुठल्या प्रवेशातला पोशाख. तो गेला की घरचे लोक फोटो आणि पुस्तकं मोठ्या मनानं ग्रंथालयाला देतात. वह्या मात्र ‘खासगी’ म्हणून मागे राहतात आणि घर आवरताना रद्दीत जातात. मग स्त्रीवेषातला तो देखणा नट कायमचा निनावी होतो. माझ्या लेखी संग्रहातली सर्वांत मोलाची वस्तू ती वहीच.

घरच्यांचा संकोच मला कळतो. अशा पत्रांत उसनवारी असते, आजारपणं असतात, नट-मालकांची भांडणं असतात. आपल्या माणसाचं हे सगळं परक्यानं का वाचावं? पण त्याला उपाय आहे. तीस वर्षं उघडू नये असं लिहून, मोहोर लावून गठ्ठा द्यावा. ग्रंथालयानं तो शब्द पाळावा. आमच्याकडे उन्हाळा कागद कडक करून मोडतो, पावसाळ्यात वाळवी लागते. माळ्यावरच्या पेटीला तेवढी मुदत मिळत नाही. म्हणून तालुक्याच्या ग्रंथपालांनी असा संग्रह स्वीकारताना पुस्तकांच्या यादीआधी त्या माणसाची वही मागावी, आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्याच्या शेजारी बसून फोटोंमागे शिसपेन्सिलीनं नावं लिहून घ्यावीत.