ताई बाकावरच बसून राहते

रविवारी सकाळी कळंबोलीच्या स्टील मार्केटकडचे ट्रेलर जरा शांत असतात, तेव्हा ताई आणि भाऊजी मिस्साला निघतात. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी बाकावरचे सगळे उठतात. ताई गुडघे आत ओढून शेजारच्यांना वाट देते आणि बसून राहते.

तिचं पहिलं लग्न वसईत, चर्चमध्ये झालं. नवऱ्याला मूल नको होतं. ते त्याने लग्नाआधीच ठरवलं होतं आणि तिच्यापासून लपवलं होतं. दोघांच्या संमतीने घटस्फोट मिळाला, कारण 2001 मध्ये कायद्यात तशी सोय झाली होती. त्याआधी ख्रिस्ती बायकोला नुसता छळ पुरेसा नसे, नवऱ्याचा व्यभिचारही सिद्ध करावा लागे. प्रगती वर्गीस खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 1997 साली ती अट घटनाबाह्य ठरवली.

घटस्फोट झाला आणि आपण आता ख्रिस्तप्रसादाला मुकलो, असं ताई धरून चालली. ते खरं नव्हतं. नुसत्या घटस्फोटाने कुणावर बंदी येत नाही. पहिला जोडीदार हयात असताना दुसरं लग्न केलं की येते. भाऊजींशी रजिस्टर लग्न करण्याआधीची तीन वर्षंही ती अशीच बसून राहिली. तिला हे कुणी सांगितलंच नाही, याचा मला आजही राग येतो.

चर्चची शिकवण मार्कच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायावर उभी आहे: देवाने जोडलेलं माणसाने तोडू नये. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 मध्ये अशा जोडप्यांना भावाबहिणीसारखं राहण्याच्या अटीवर ख्रिस्तप्रसाद घेता येईल, असं सांगितलं. 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ‘आमोरिस लेतित्सिया’त लिहिलं, की ही माणसं बहिष्कृत नाहीत, प्रत्येकाची परिस्थिती धर्मगुरूंनी सोबत बसून समजून घ्यावी. त्याचा अर्थ मात्र सगळे बिशप सारखा लावत नाहीत.

ताईने आता चर्चच्या न्यायालयात अर्ज केलाय. लोक त्याला ‘चर्चचा घटस्फोट’ म्हणतात, पण तिथे लग्न मोडत नाहीत. लग्नाच्या दिवशी दिलेली संमती खरी होती का, एवढंच तपासतात. पूर्वी एकसारखे दोन निकाल लागत; फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये एकच पुरेसा केला. सरकारदरबारी या निकालाला किंमत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 आणि 2017 मध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे ताईला दोन्हीकडचे कागद हवेत.

अर्जात साक्षीदारांची नावं द्यायची होती. ताई पेन धरून बसली होती. ‘देवाने जोडलेलं’ म्हणत इतकी वर्षं तिच्याशी अबोला धरलेली आमची आई म्हणाली, “माझं लिही. त्याच्या मावशीने लग्नाआधी आठ दिवस माझ्या कानावर घातलं होतं. संसाराला लागला की निवळेल, म्हणून मी गप्प बसले.”

ताईने काही न बोलता नाव लिहिलं.