लाल फळांचा भाव

नेरुळ, रविवार सकाळ.

शेजारच्या मामींनी दिलेल्या पितळी फिल्टरमध्ये आज अराकूची कॉफी घातली. थेंब पडायला वेळ लागतो, तोवर पाकीट वाचत बसले. आंध्रातल्या पूर्व घाटातली, आदिवासी शेतकऱ्यांनी पिकवलेली कॉफी. आपल्या चिखलदऱ्यातही कॉफीची झाडं पाहिली होती, पण तिथं ती मला पर्यटकांना दाखवायची गोष्ट वाटली. अराकूत तिच्यावर चुली पेटतात.

पूर्वी तिथं हिरवी-लाल फळं एकत्रच ओरबाडायची, घरीच सोलून वाळवायची आणि दलाल देईल तो भाव घ्यायचा. २००७मध्ये लहान शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली. मग फक्त पिकलेली लाल फळं वेचायची, ती ताजी असतानाच एका ठिकाणी सोलून धुवायची, असं बसवलं गेलं. त्यासाठी एकाच झाडाकडे पुन्हा पुन्हा जावं लागतं. कष्ट वाढतात, पण भावही वाढतो. सावलीच्या सिल्व्हर ओकवर मिरीचे वेल, ते वेगळं उत्पन्न. २०१७मध्ये थेट पॅरिसला दुकान, २०१९मध्ये भौगोलिक मानांकन!

मालाच्या दर्जावर भाव ठरतो हे वाचून मला मात्र आजोबा आठवले. डेअरीत दुधाचं फॅट मोजताना ते नळीवरची नजर हलवत नसत. भाव डोळ्यांदेखत ठरला की माणूस दुधात पाणी घालत नाही, असं त्यांचं म्हणणं. (घालणारे घालतच, म्हणा.)

पहिला कप जरा वेगळाच लागला. मामी हसल्या, “तुला चिकोरीची सवय आहे गं.”