शेवाळाशी सलोखा

आमच्या दिवाणखान्यात पाच फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी एक काचेची पेटी आहे. तिच्यात साडेपाचशे लिटर पाणी मावते. नळ कोणत्या वारी येणार यावर ज्या गावात कित्येक वर्षे धुण्याचा दिवस ठरत आला, त्या सोलापुरात एवढे पाणी निव्वळ शोभेसाठी साठविणारा गृहस्थ एक तर श्रीमंत असला पाहिजे, नाही तर चक्रम. आम्ही श्रीमंत नाही, हे महाविद्यालयात शिकविणाऱ्या माणसाने निराळे सांगावयास नको.

पेटी मूळची आमची नव्हे. चिरंजीवांनी अकरावीत असताना ती हट्टाने आणविली, ऑस्कर जातीचे दोन बोटभर मासे तिच्यात सोडले आणि इतिहासाच्या पुस्तकातून त्यांना नाना फडणवीस व बापू गोखले अशी नावे दिली. पुढे मासे वीतभराहून मोठे झाले आणि चिरंजीव नोकरीसाठी पुण्यास निघून गेले. जाताना ते आईच्या पाया पडले, आमच्या पडले, आणि पेटीकडे बोट दाखवून म्हणाले, "बाबा, एवढे सांभाळा."

ऑस्कर हा सिक्लिड कुळातला, ॲमेझॉनच्या खोऱ्यातला मासा. याला माणूस ओळखता येतो. आम्ही खोलीत शिरलो की नाना काचेशी येऊन तोंड उघडझाप करू लागे. वर्गातील मागच्या बाकांकडून एवढे लक्ष आम्हांस तीस वर्षांत मिळालेले नाही. परंतु या बुद्धीबरोबर त्याची राहणीही दांडगी. पेटीत लावलेली प्रत्येक वनस्पती या जोडीने आठवड्याच्या आत उपटून वर तरंगत ठेवली. खाणे मोठे, तशी घाणही मोठी. माशाच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून अमोनिया निघतो. तो विषारी, त्याचे नायट्राइट होते, तेही विषारी, आणि त्याचे शेवटी नायट्रेट होते, जे मासे पुष्कळसे सोसतात. या नायट्रेटावर आणि उरल्यासुरल्या अन्नातील फॉस्फेटावर खिडकीतले ऊन पडले की शेवाळ आलेच.

आमचा विषय इंग्रजी वाङ्मय. रसायनशास्त्राशी आमचा संबंध बारावीलाच तुटला. तेव्हा वरील ज्ञान आम्हांस आधी नव्हते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. आम्हांस दिसत होते ते एवढेच, की काच हिरवी होत चालली आहे आणि येणारा प्रत्येक पाहुणा चहा पिता पिता तिकडे पाहून काही बोलत नाही. मुलाने सोपविलेली वस्तू घाण दिसणे आमच्या मनास फार लागले. आम्ही शेवाळाविरुद्ध मोहीम उघडली. प्रथम काच खरवडली. आठ दिवसांत पूर्ववत्. मग दुकानदाराने शेवाळ खाणारा म्हणून एक सकर मासा गळ्यात मारला. त्याने थोडे शेवाळ खाल्ले, त्याहून अधिक नानाच्या ताटातले खाल्ले, आणि घाणीत स्वतःची भर घातली. (कंटाळून लोकांनी तळ्याओढ्यांत सोडून दिलेला हाच सकर आता उजनीच्या जलाशयात कोळ्यांच्या जाळ्यांत सापडतो. अंगच्या काट्यांनी तो जाळी फाडतो म्हणून ते त्याला शिव्या देतात. आम्ही आमचा दुकानदारास परत केला.) नंतर कोणी सुचविले की चार दिवस पेटीस उजेडच देऊ नका. त्यासाठी सोलापुरात साधन शोधावे लागत नाही. दोन चादरी पेटीवर टाकल्या आणि चार दिवस दिवाणखान्यात आजारी माणूस निजल्यासारखे वाटत राहिले. शेवाळ खरोखरच ओसरले, आणि तीन आठवड्यांनी परत आले. कारण त्याचे अन्न पाण्यात होते तसेच होते.

मग 2023 ची दिवाळी आली. घरात रंग झाला होता; पेटीच तेवढी कशी राहावी? आम्ही मासे पिंपात काढले, पेटी रिकामी केली, वाळू पाच पाण्यांनी धुतली, काच आरशासारखी घासली आणि फिल्टरमधला काळपट, बुळबुळीत स्पंज नळाच्या धारेखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळला. पेटी ताज्या पाण्याने भरून, फोटोग्राफरमंडळी पूर्वी वापरीत त्या हायपोचे खडे टाकून क्लोरीनही मारला. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पेटी अशी झळकत होती, की मासे हवेत तरंगत आहेत असे वाटावे. आम्ही तिचे छायाचित्र काढून चिरंजीवांस पाठविले.

भाऊबीजेस बापू पाण्याच्या पृष्ठाशी येऊन हवा घोटू लागला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला.

त्या बुळबुळीत स्पंजावरच अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटाचे नायट्रेट करणाऱ्या जीवाणूंची वस्ती होती. क्लोरीनयुक्त पाण्याच्या धारेखाली आम्हीच ती उठवून लावली. शिवाय पेटीतल्या पाण्याचा कल क्षाराकडे, आणि अशा पाण्यात अमोनिया अधिक मारक होतो. नाना वाचला तो सौभाग्यवतींमुळे. रोज थोडे पाणी बदलल्यावाचून विष उतरणार नाही, असे कळले तेव्हा नळास पाणी येण्यास दोन दिवस अवकाश होता. त्यांनी काही न बोलता धुण्यासाठी भरून ठेवलेले पिंप पेटीकडे सरकविले. एरवी त्या म्हणत, "अहो, घरात तांब्या मोजून पाणी वापरायचे आणि माशांना आठवड्याला नऊ बादल्या?" त्या दिवशी म्हणाल्या नाहीत.

चिरंजीवांस सांगण्याचा धीर आम्हांस आठ दिवस झाला नाही. अखेर फोनवर सांगितले, तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले आणि मग विचारते झाले, "स्पंज नळाखाली धुतला का?" आम्ही होय म्हटले. "असू दे, बाबा," ते म्हणाले. विद्यार्थ्यांच्या चुकांवर आम्ही इतक्या सौम्यपणे कधी बोललो असू, असे आठवत नाही.

पुढे 2024 च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता त्यांच्याकडे पुण्यास गेलो. त्या वर्षी उजनी इतकी आटली होती की उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यातले पाणी उपसणे चालले होते. एरवी बुडालेले पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडले होते. भिगवणला जेवावयास थांबलो. इतरांच्या पानांत चिलापी होती. चिलापी म्हणजे तिलापिया. मूळची आफ्रिकेची, 1952 साली आपल्या देशात आणलेली, आणि सिक्लिड कुळातलीच, म्हणजे नानाची चुलत बहीण. आम्ही भाकरी-पिठल्यावर भागविले. जेवण झाल्यावर काठाशी गेलो, तो पाणी थेट आमच्या पेटीच्या रंगाचे. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येते, भीमेतून उजनीत, आणि उजनीतून सोलापूरच्या नळास. चिरंजीव पुण्यास ज्या पाण्यात ताट विसळतात, त्याचाच अंश कधी तरी नानाच्या पेटीत येऊन हिरवा होत असला पाहिजे. हे सौभाग्यवतींस बोलून दाखविले. त्या म्हणाल्या, "म्हणजे मुलगा पत्र पाठवीत नाही असे नाही."

आता आमचा शेवाळाशी तह झाला आहे. दिवा सहा तासांवर लावीत नाही, खिडकीस पडदा आहे, आणि नानाला आठवड्यातून एक दिवस उपास असतो. दर रविवारी चौथा हिस्सा पाणी काढतो व स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळतो; नळास दाखवीत नाही. ते पाणी वाया जात नाही. परसातील जास्वंदीस जाते, आणि मे महिन्यातही ती फुलते असे पाहून शेजारच्या काकू आता रविवारी आपली बादली आणून ठेवतात. समोरची काच तेवढी आम्ही पुसतो. मागची पुसत नाही. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरात या कुळातले कित्येक मासे खडकांवरचे शेवाळ दातांनी खरवडूनच पोट भरतात, असे वाचल्यापासून त्या हिरव्या काचेकडे पाहुण्यांनी पाहिले तरी आम्हांस काही वाटत नाही.

नाना आता एकटा आहे. दुसरा आणावा का, असे चिरंजीव दोनदा विचारून चुकले. नाना म्हातारा झाला आहे, नव्याशी भांडेल, असे आम्ही सांगतो. रविवारी नळी घेऊन हात पाण्यात घातला की तो येऊन मनगटास तोंड लावतो, आणि नऊ बादल्या भरेपर्यंत तेथून हलत नाही.