जुनी जीप, नवी चासी आणि खरा क्रमांक

1940च्या दशकात मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू झाली. पुढील काही दशकांत ही चारही चाकांना गती देणारी गाडी महाराष्ट्राच्या आडवळणाच्या बाजारगावांपर्यंत पोहोचली. बार्शीच्या एका धान्यव्यापारी घराण्याकडे 1966 सालची सीजे-3बी होती. उंच बॉनेट ही तिची खूण. इंजिनाच्या माथ्यावर झडपा बसवल्याने इंजिन उंच झाले, म्हणून बॉनेटही उचलावे लागले. आजोबा तिच्यातून वैराग, भूम, परांडा येथील आठवडी बाजार करीत. त्यांच्या पश्चात ती गोदामामागे उभी राहिली. नातवाने ती पुन्हा चालती करण्याचे मनावर घेतले, तेव्हा खरी अडचण चासीची निघाली.

चासी हा गाडीचा कणा. दोन लांब पोलादी चॅनेल, त्यांना जोडणाऱ्या आडव्या कांबी, आणि त्यांवर इंजिन, पाटे, स्टिअरिंग व बॉडी यांचा सारा भार. वर्षानुवर्षे साचलेल्या काळ्या चिखलाने तिचा मागील भाग इतका गंजला होता की हातोडीच्या टोल्यासरशी लोखंड आत गेले. ठिगळ जोडायलाही सकस धातू उरला नव्हता.

भंगार बाजारात नेमक्या मापाची चासी मिळाली. किंमतही माफक होती. मात्र तिच्यावरचा क्रमांक कानशीने घासलेला होता. विकणारा म्हणाला, “तुमचा जुना क्रमांक ठोकून देतो. कोणाला कळणार आहे?”

नातू घरी येऊन म्हणाला, “काका, गाडी तर आपलीच आहे ना!”

दुकान सांभाळणारे थोरले काका म्हणाले, “गाडी आपली आहे रे, पण ही चासी कोणाची आहे? घासलेला क्रमांक म्हणजे पुसलेली खातेवही.”

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. चोरीचा माल घेणे हे स्तेनाहृतादान, खोटा लेख करणे ही कूटलेखक्रिया, एका वस्तूच्या जागी दुसरी खपवणे हा प्रतिरूपकव्यवहार. त्या एका सौद्यात तिन्ही दोषांना वाट होती. सौदा मोडला.

पुढे नोंदणी रद्द झालेल्या एका नंतरच्या जीपची चासी पावती व कागदपत्रांसह मिळाली. पण तिचा व्हीलबेस 91 इंच होता, सीजे-3बीचा 80. अकरा इंच कमी करणे भाग होते. मिस्त्रींनी जुनी चासी समपातळीवर ठेवून बॉडीच्या बोल्टची भोके, पाट्यांचे हँगर, इंजिनाचे पाय यांची मापे आधी उतरवून घेतली. गिअरबॉक्सच्या आडव्या कांबीमागे चॅनेल कापले, तेही तिरपे, म्हणजे सांध्याचा सारा ताण एकाच उभ्या रेषेत येत नाही. वेल्डिंग करून आतून पट्टी जोडली. चॅनेलच्या वरच्या व खालच्या काठाला एकही भोक पाडले नाही, कारण वाकताना सर्वाधिक ताण तेथेच येतो. दोन्ही कर्ण पुन्हा पुन्हा मोजले. ते असमान राहिले असते तर गाडी रस्त्यावर तिरकी चालली असती. मागचा प्रोपेलर शाफ्ट आखूड करून त्याचा तोल साधला, ब्रेकच्या नळ्या नव्याने बसवल्या.

लोखंडाचे काम संपले, तरी कागदाचे राहिलेच. केंद्राच्या 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळते. मात्र चासीत फेरफार झालेला नसावा लागतो. क्रमांक ठोकून गप्प राहिले असते तर कदाचित हा मान पदरी पडला असता आणि गाडीचे मोलही वाढले असते. घराने परिवहन कार्यालयाकडे अर्ज केला: चासी बदलली आहे, तिची लांबी कमी केली आहे, तिचा मूळ क्रमांक हा आहे. सोबत पावती व छायाचित्रे जोडली. व्हिंटेजचा मोह सोडला. निर्णय होईपर्यंत जीप रस्त्यावर आणायची नाही, असेही ठरले.

आता गावातले लोक विचारतात, “ही आजोबांचीच जीप का?” जैन विचाराला या प्रश्नाची धास्ती नाही. उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य ही तिन्ही सत्‌चीच लक्षणे आहेत. बॉडी, इंजिन व त्या घराचा संबंध या दृष्टीने ती आजोबांची आहे. चासीच्या दृष्टीने नाही. दोन्ही विधाने आपापल्या अपेक्षेने खरी आहेत, जोवर एक सांगताना दुसरे लपवले जात नाही. व्यापाऱ्याच्या घरात हे सहज समजावे. दुकानाचा माल रोज बदलतो, गिऱ्हाईक बदलते, पिढीही बदलते. तरीही पेढी तीच राहते, कारण तिच्या वहीतला आकडा खरा असतो.