दरडीच्या बाजूची खिडकी

वाईच्या स्टँडवर पाचगणीची एसटी लागली की खिडकीसाठी झुंबड उडते, आणि हवी असते ती दरीकडची. मी मुद्दाम दरडीकडची धरली. पसरणीच्या घाटातून धोम धरणाचं पाणी सुंदर दिसतं, नाही कोण म्हणतो? पण खरी मजा रस्त्यासाठी कापलेल्या डोंगरात आहे.

घाटात मध्येच उतरलो. "इथं काय आहे?" कंडक्टरने विचारलं. "दगड," म्हटलं. त्याने मुकाट्याने घंटी मारली.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा पसरत गेला आणि थरांवर थर चढले. म्हणून घाट चढताना आपण जुन्या दगडाकडून नव्याकडे जातो. थराच्या पोटातला काळवत्री, म्हणजे बेसॉल्ट, घट्ट. माथ्याचा भोकाभोकांचा, कारण वर निघालेला वायू तिथेच कोंडला. पुढे झिरपत्या पाण्याने त्या पोकळ्यांत खनिजं भरली. एका भोकात नखाएवढ्या पांढऱ्या, चकचकीत पात्यांचा झुबका होता. झिओलाइट तो. दोन थरांमध्ये कुठे कुठे विटकरी पट्टा दिसतो: दोन उद्रेकांमधल्या उसंतीत माती तयार झाली आणि पुढच्या लाव्ह्याखाली दबली, भाजली.

पलीकडे दगड कांद्यासारखा सोलत होता. पाणी सांध्यांतून शिरतं, आधी कोपरे खातं, मग गोल पापुद्रे सुटतात. बाहेरचा पापुद्रा बोटाने चुरला, आतला गोळा मात्र हातोड्याला दाद देणार नाही. हाच चुरा म्हणजे आपला मुरूम. तो आणखी कुजला की काळी माती, आणि खाली वाईच्या शिवारात त्याच मातीत ऊस नि हळद.

पुढची एसटी धरून पाचगणीच्या टेबललँडवर पोचलो, तर रंगच पालटला. पायाखाली तांबडा, खडबडीत जांभा. तोही मूळचा काळवत्रीच! लाखो वर्षांच्या उष्ण, दमट हवेत पावसाने त्यातली सिलिका धुऊन नेली. लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलं नि त्याचं कडक कवच झालं. कडेला कवचाखालचा मऊ भाग झिजून गुहा पडल्या आहेत. गर्दी मात्र घोड्यांपाशी.

पाचगणीला जाल तेव्हा जाताना दरडीकडे बसा, दरी येताना बघा. पावसाळ्यात दरडीखाली थांबू नका. आणि ते पांढरे स्फटिक टोकरून खिशात घालू नका. मागून येणाऱ्यालाही दिसू देत.